पोस्टकार्डावरचं नाव

मिरजेच्या हस्तलय केंद्राचं पत्र आलं आणि चौदा महिन्यांनी मैथिली माहेरी आली. आली ती दारातच रडली, मग आईची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आईच्या मागे स्टूल ओढून बसली. सुलक्षणाबाईंनी मान पुढे केली. लेकीची बोटं केसांतून फिरत होती, तेल मुरत होतं, खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. तेल जरा जास्त गरम आहे एवढंच त्यांना कळलं आणि तेवढंच त्या बोलल्या.

"बघ ना," मैथिली म्हणाली, "आधी तू असं काही बोललीस की माझं डोकं फिरायचं. आता कळतं, हे तू बोलत नाहीस. तो आजार बोलतोय."

"हं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"बाबा गेले त्या दिवशीचं माझ्या मनातून जात नव्हतं गं. लोक भेटायला आलेत आणि तू म्हणतेस, चपला बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय. मी तुला दगड म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"चुकलंच माझं. तुझ्या हातात काही नव्हतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

सुलक्षणाबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारातला माणूस डोळ्यांदेखत गेला आणि आपल्या डोळ्यांत पाण्याचा एक थेंब येऊ नये, याचा त्यांनी विचार करून पाहिला होता. नवऱ्याशी काही वैर नव्हतं. भांडणं होती ती चारचौघांच्या घरात असतात तेवढीच. मग आपण मुळातच वाईट असणार, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता आणि त्या निकालासकट त्या दळण, भाजी, वर्तमानपत्र करत होत्या. केंद्राच्या पत्राने तो निकाल फिरवला. तुम्ही वाईट नाही, तुम्ही आजारी आहात, असं सरकारी मराठीत दोन पानं लिहून आलं होतं.

आजाराचं नाव संवेदक्षय. मज्जातंतूंचा हा आजार फार सावकाश वाढतो. आधी माणसाच्या भावना सुकतात, पाच-सात वर्षांनी हातापायांचा ताल जातो आणि शेवटी वाचाही जाते. मेंदूच्या चित्रात तो दिसू लागतो तेव्हा औषधाची वेळ टळून गेलेली असते. मात्र दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३२ च्या सुमाराला, एक गोष्ट लक्षात आली. पुढे ज्यांना हा आजार होणार असतो, त्यांच्या बोटांत तो ऐन तारुण्यातच डोकावून गेलेला असतो. टंकताना एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जायला बोटाला किंचित वेळ लागतो. सेकंदाचे बारीक बारीक तुकडे केले तर मोजता येईल इतकाच. त्या वेळेची प्रत्येकाची एक लय असते, आणि तिचं नाव हस्तलय. आजार होणाऱ्यांच्या तरुणपणीच्या लयीत एक ठरावीक अडखळ असते; वयाबरोबर ती झाकली जाते, मूळ लय मात्र तीच राहते. कानाला ती कळत नाही, पण यंत्राला कळते.

अडचण अशी की २०४२ साली टंकतं कोण? सगळे यंत्रांशी तोंडाने बोलतात. ज्यांना आता औषधाची गरज होती, त्या साठी-सत्तरीतल्या माणसांचे सोळाव्या वर्षीचे हात कुणी जपून ठेवले असणार? ते एका माणसाने ठेवले होते, आणि आपण काय ठेवतोय हे त्याला माहीत नव्हतं.

गडहिंग्लजला पोफळे नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९९० साली त्यांनी घरगुती संगणकासाठी 'भुयार' नावाचा एक खेळ लिहिला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. तुम्ही कोरड्या विहिरीच्या तळाशी आहात, पूर्वेला भुयार आहे, बोला काय करता? मग खेळणाऱ्याने रोमन अक्षरांत मराठी हुकूम द्यायचा. दिवा लाव, पूर्वेला जा, दोर ओढ. खेळाचा पहिला भाग कुणीही घ्यावा, फ्लॉपीवर नक्कल करून मित्राला द्यावा. अशा आज्ञावल्यांना तेव्हा शेअरवेअर म्हणत. सर त्याला वाटून खेळायचा खेळ म्हणत. भुयाराच्या सातव्या दाराशी हा भाग संपायचा आणि पडद्यावर सरांचा पत्ता यायचा. पुढे जायचं असेल तर पोस्टकार्डावर नाव, पत्ता, जन्मतारीख लिहा, जमली तर मनीऑर्डर करा, नाही जमली तरी तुमची फ्लॉपी पुठ्ठ्यात घालून पाठवा. सर त्याच फ्लॉपीवर दुसरा भाग भरून परत पाठवायचे.

आता या खेळात मधूनमधून फासे पडायचे. दोर तुटणार की टिकणार, वटवाघळं येणार की नाही. संगणकाला आपल्या मनाने आकडा सुचत नाही, तो कुठून तरी द्यावा लागतो. सरांनी डोकं चालवलं. खेळणारा दोन कळांमध्ये जितका वेळ घेईल, तोच फासा. आणि खेळ कुठे बिघडला तर तो जसाच्या तसा पुन्हा घडवून बघता यावा म्हणून त्यांनी प्रत्येक कळेची वेळ फ्लॉपीवर नोंदवून ठेवायची सोय केली. आलेल्या फ्लॉपीवरची नोंद ते उतरवून घ्यायचे आणि पोस्टकार्डाला तिचा क्रमांक द्यायचे. सर गेल्यावर त्यांच्या नातीला पत्र्याच्या ट्रंका सापडल्या. चार हजार पोस्टकार्डं, चार हजार जणांचे तरुण हात. तिने त्या केंद्राला देऊन टाकल्या.

त्यातल्या एका कार्डावर लिहिलं होतं, कु. सुलक्षणा डुबल, सोमवार पेठ, कराड, जन्म १९ ऑगस्ट १९७६.

*

सोमवारी मायलेकी सांगलीहून मिरजेला गेल्या. केंद्रात गर्दी होती. रक्त तपासायला यावं तशी माणसं हात ऐकवून घ्यायला आली होती. डॉक्टर केतकी गुळवणी पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. मैथिलीला बाहेर बसवून त्यांनी सुलक्षणाबाईंना आत घेतलं.

"पंधरवड्याला एक इंजेक्शन, सहा महिने," त्या म्हणाल्या. "पहिलं गुरुवारी. हात-पाय अजून धड आहेत तुमचे, म्हणजे आपण वेळेत आहोत. भावना किती परत येतील ते सांगता येत नाही, पण आजार पुढे जाणार नाही. आणि आपल्याकडे फक्त कार्ड असलेल्यांनाच देतो आम्ही हे औषध. लयीचा पुरावा नसेल तर परवानगी नाही."

"आजार नसलेल्या माणसाला दिलं तर?"

"काही होत नाही. पाण्यासारखं निघून जातं. का हो?"

"सहज विचारलं."

"एक शेवटचं काम उरलंय. हा हात तुमचाच, असा अंगठा द्यायचा. त्याआधी तो ऐकवायचा, असा नियम आहे. गंमत वाटेल तुम्हाला."

टेबलावर जुन्या धर्तीचा एक कीबोर्ड होता. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि त्याच्या कळा आपोआप खाली-वर व्हायला लागल्या. दिवा लाव. पूर्वेला जा. पूर्वेला जा. दोर ओढ. पन्नास वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या एका दुपारचे हुकूम एकामागोमाग एक टंकले जात होते. दहाही बोटांनी, न बघता, एकसारखे. प्रत्येक ओळ संपली की करंगळीने एक ठाम ठोका.

सुलक्षणाबाई कळांकडे बघत राहिल्या. त्यांना आयुष्यात टायपिंग आलं नव्हतं.

टायपिंग येत होतं शहनाजला. शहनाज मुल्ला, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली. दहावीच्या सुट्टीआधीच पेठेतल्या क्लासमधून ती मिनिटाला चाळीस शब्दांची, इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झाली होती आणि त्याचा तिला केवढा तोरा. तिचे चाचा कुवेतहून परत आले ते टीव्हीला जोडायचा संगणक घेऊन. कुणाच्या तरी फ्लॉपीवरून 'भुयार' त्यांच्या घरी आला होता. चाचा दुपारी दुकानात गेले की या दोघी खेळायच्या. सुलक्षणाला कळांना हात लावायची भीती वाटायची, बिघडलं तर कोण बोलणी खाणार? ती आपली दिवाणावर आडवी पडून शेंगदाणे खात सांगायची आणि शहनाज टंकायची. डोकं एकीचं, बोटं दुसरीची. संगणक ज्यांच्या वाट्याला आला त्या मुलामुलींत तेव्हा हीच पद्धत होती. एकाने सांगायचं, एकाने दाबायचं. आणि सातव्या दाराशी अडल्यावर फ्लॉपी पोस्टाने पाठवायची ठरली, तेव्हा कार्डावर नाव सुलक्षणाचं घातलं. कारण फ्लॉपी घराबाहेर गेली हे चाचांना कळलं असतं तर शहनाजची धडगत नव्हती.

"किती सफाईदार," डॉक्टर म्हणाल्या. "क्लास केला होता वाटतं?"

"हो," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. बाहेर मैथिली बसली होती. काचेतून ती दिसत होती, मांडीवर आईची पर्स घेऊन. डॉक्टरांनी पाटी पुढे केली आणि सुलक्षणाबाईंनी तिच्यावर अंगठा ठेवला.

*

घरी येताना मैथिलीने सांगितलं की तिने सहा महिन्यांची रजा टाकली आहे. इंजेक्शनं संपेपर्यंत ती इथेच राहणार. वरची खोली साफ करायची, तिथे जुनं टेबल लावायचं, असं बरंच काही ती बोलत होती. रात्री जेवताना तिने आईच्या ताटात स्वतःहून तूप वाढलं.

सुलक्षणाबाईंनी सगळा हिशेब नीट मांडून पाहिला. आजार माझा नाही. औषध मला बाधणार नाही. मैथिली इथे राहील, केसांना तेल लावील, मला आई म्हणेल. शहनाजचं नाव कुठल्याच कार्डावर नाही, म्हणून तिला कुणी पत्र पाठवणार नाही. आणखी काही वर्षांनी तिची माणसं तिला दगड म्हणतील. मग तिचे हात जातील, मग बोलणं. आणि का, ते कुणालाच कळणार नाही.

इथपर्यंत आल्यावर छातीत काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटलं. त्या थोडा वेळ थांबल्या. काही झालं नाही. फ्रिजचा आवाज येत होता.

मंगळवार तसाच गेला. वाईट वाटलं असतं तर एक वेळ सोपं होतं, माणूस वाईट वाटण्याच्या भरात उठतो आणि जे करायचं ते करून मोकळा होतो. सुलक्षणाबाईंना त्यातलं काही मिळालं नाही. आपण करतोय ते वाईट आहे हे त्यांना कळत मात्र होतं, दूध नासलंय हे वासावरून कळावं इतकं स्वच्छ. कळण्यावरच उठावं लागणार होतं, आणि नुसत्या कळण्यावर उठणं त्यांच्या जिवावर येत होतं. उठलं की मैथिली जाणार. आजाराने दिलेली लेक आजाराबरोबरच जाणार, हेही तितकंच स्वच्छ होतं.

दुसरी एक गोष्टही त्यांच्या ध्यानात आली. नवरा गेला तेव्हा शहनाजचा लांबलचक आवाजी निरोप आला होता. त्यांनी तो अर्धाच ऐकला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी तो आता पूर्ण ऐकला. शेवटी शहनाज म्हणत होती, "रडलीस का न्हाई गं? रड बाई. मी तर इथं बसून रडून घेतलं तुझ्या वाट्याचं."

बुधवारी सकाळी आंघोळ झाल्यावर त्या मैथिलीला म्हणाल्या, "कराडला जाऊन येते. मैत्रिणीकडे."

"मी येते की बरोबर."

"नको. तू टेबलाचं बघ."

*

शहनाज न्यायालयात चौतीस वर्षं टायपिस्ट होती. निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली होती. कराडला मंडईच्या मागे लेकाच्या घरी ती राहत होती. दारात सुलक्षणाबाईंना बघून तिने हातातली मेथीची जुडी तशीच खाली ठेवली.

"सुले," ती म्हणाली. तिने सुलक्षणाबाईंना कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मग रागावली. "एक फोन न्हाई केलास. दाजी गेले, मी निरोप धाडला, त्याला जवाब न्हाई. म्हटलं ही इसरली मला."

"विसरले नव्हते."

"बस. चहा टाकते. वाळलीस किती."

सुलक्षणाबाई खुर्चीवर बसल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. आजाराची एकही खूण दिसते का, ते त्या शोधत होत्या. नातवाने काल शाळेत काय उद्योग केला ते सांगताना शहनाज हसत होती. सुनेच्या माहेरचं कुणी दवाखान्यात होतं, त्याचं सांगताना तिचा चेहरा उतरत होता. हे सगळं तिच्याकडे जागच्या जागी होतं. अजून काहीच गेलेलं नव्हतं.

चहा संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "भुयार आठवतो?"

"आठवतो म्हंजे? ते सातवं दार उघडलंच न्हाई आपल्याच्यानं. दुसरा भाग आला आन चाचांनी मशीनच इकून टाकलं."

"त्या पोफळे सरांच्या फ्लॉप्या मिरजेला आल्यात. हातावरून आजार ओळखतात तिथे. माझ्या नावाच्या कार्डावर संवेदक्षय निघाला."

शहनाजचा हात चटकन पुढे आला आणि तिने सुलक्षणाबाईंचं मनगट धरलं. "या अल्ला. तुला? म्हनून अशी झालीस व्हय गं तू? मी आल्यापास्नं बघतीया, डोळं कोरडं, बोलनं कोरडं. औषध हाय ना त्याच्यावर? मी येते तुझ्यासंगं, काय घाबरू नगंस."

"शहनाज, ऐक. फ्लॉपीवर हातांची नोंद आहे. नावाची नाही."

"मग?"

"दाबत कोण होतं?"

शहनाज आधी हसली. "तुला कुठं येत हुतं टायपिंग? तू तर दिवानावर..." ती म्हणाली, आणि तिचं बोलणं तिथेच राहिलं. तिने सुलक्षणाबाईंचं मनगट सोडलं नाही. आपल्या दोन्ही हातांकडे तिने एकदा पाहिलं. बाहेर भाजीवाल्याची गाडी भाव सांगत गेली.

"मला काय न्हाई झालेलं," शहनाज हळू आवाजात म्हणाली.

"अजून नाही झालेलं. म्हणूनच औषध चालेल. उद्या पहिलं इंजेक्शन आहे, माझ्या नावावर. तू चल. त्यांच्यासमोर चार ओळी टंक, हात कुणाचा ते त्यांना लगेच कळेल."

"त्यांना काय सांगनार तू?"

"सोमवारी मला कळलं होतं, तरी मी अंगठा दिला. तेच सांगणार."

"सोमवारी?" शहनाज म्हणाली. "आज बुधवार हाय."

"हो."

शहनाजने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, आणि तो तिने लपवलाही नाही. मग ती रडायला लागली. लहान मुलासारखी, तोंड न झाकता. ती घाबरली होती. लेकाचं नाव घेत होती, नातवाचं घेत होती, माझे हात जातील का, मी यांना ओळखीन का, मला यांची माया वाटायची राहील का, असं काय काय विचारत होती. सुलक्षणाबाईंनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. ज्याचं उत्तर माहीत नव्हतं, तिथे माहीत नाही म्हणाल्या. आपला हात तिच्या हातात तसाच राहू दिला. तो ओला झाला होता.

बऱ्याच वेळाने शहनाज उठली. तोंड धुऊन आली, पदराने पुसलं, सुनेला हाक मारून सांगितलं की उद्या सकाळी मिरजेला जायचं आहे, का ते मग सांगते. पुन्हा येऊन समोर बसली.

"मैथिलीला म्हाईत हाय?"

"नाही. तिला वाटतंय मी आजारी आहे. म्हणून आलीय ती."

"आता काय सांगशील तिला?"

"खरं ते."

शहनाजने मान हलवली. ती बराच वेळ सुलक्षणाबाईंचा चेहरा निरखत होती, न्यायालयात साक्ष टंकताना साक्षीदाराच्या तोंडाकडे बघायची तिला सवय असावी तशी. तिच्या डोळ्यांत आता राग नव्हता. स्वतःचीही काळजी त्या घडीला नव्हती.

"माझं झालं. मला औषध हाय," ती म्हणाली. "पन सुले, आजार जर माझा हाय, तर मग तुला काय झालंय?"